‘वजन कमी करा’ याच्या पुढे डॉक्टर काहीच का बोलत नाहीत?

तुम्ही विचारलंय : वय ४१, वजन ९८ किलो, दर खेपेला डॉक्टर ‘वजन कमी करा’ म्हणतात आणि पुढचा नंबर पुकारतात. ते आपल्याला आळशी समजतात का? आणि मुंबईत दाखवायचं तरी कुणाला?

मी परळ भागातल्या एका रुग्णालयाच्या ओपीडीत नर्स आहे. केबिनबाहेर वजन आणि बीपी मीच घेते. त्यामुळे पेशंट आत जाण्याआधी काय बोलतात आणि ते गेल्यावर डॉक्टर काय म्हणतात, हे दोन्ही माझ्या कानावर पडतं. माझं स्वतःचं वजन ८७ किलो आहे, तेही आधीच सांगते.

काही डॉक्टर आळशी समजतात, हो. मी ते ऐकलंय आणि सोसलंयही. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझा गुडघा दुखायला लागला. ज्यांना दाखवलं त्यांनी गुडघ्याला हातही न लावता ‘आधी दहा किलो उतरवा’ सांगितलं. मी दीड वर्ष कुणाकडे गेलेच नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला, एमआरआय काढला, तर गुडघ्यातली गादी फाटलेली. वजनाचा त्रास गुडघ्याला होतोच, ते खोटं नाही. पण वजन दिसलं म्हणून तपासणी थांबली, हे चूक होतं.

मात्र मला जास्त वेळा दिसतं ते वेगळंच. दोन्ही बाजू समोरच्याने विषय काढावा म्हणून गप्प बसतात. २०१९ साली ‘ॲक्शन-आयओ’ नावाची ११ देशांतली पाहणी प्रसिद्ध झाली. लठ्ठपणा असलेले साडेचौदा हजार लोक आणि पावणेतीन हजार डॉक्टर-आरोग्य कर्मचारी तिच्यात होते. भारत नव्हता. शिवाय ती वजनाचं औषध बनवणाऱ्या कंपनीच्या पैशातून झाली होती, तेही ध्यानात ठेवा. त्यात १०० पैकी ७१ डॉक्टरांना वाटत होतं की पेशंटला वजन कमी करण्यात फारसा रस नसतो. ‘मला रस नाही’ असं स्वतः म्हणणारे पेशंट होते १०० पैकी ७. वजनाशी झगडा सुरू झाल्यापासून डॉक्टरांशी त्यावर पहिलं बोलणं व्हायला सरासरी ६ वर्षं गेली होती. देश दुसरे असले तरी हे वाचताना मला आमच्या ओपीडीबाहेरचाच बाक दिसत होता.

माझ्या काट्यावर माणसं चप्पल काढतात, मोबाइल काढतात, ‘सिस्टर, आकडा मोठ्याने सांगू नका’ म्हणतात. एक ताई तीन महिने शुगरचा रिपोर्ट दाखवायला आल्या नाहीत. का, तर वजन वाढलं होतं आणि सर रागावतील. लोकलमध्ये चौथ्या सीटला टेकलं की बायकांच्या कपाळावर आठ्या, लग्नकार्यात ‘खात्यापित्या घरची’ हा शेरा, आणि त्यावर दवाखान्यातही बोलणी खायची. माणूस टाळणारच. आत डॉक्टरांपुढे मात्र हीच माणसं ‘हो सर, करतो’ म्हणून निघतात. डॉक्टरांना वाटतं, यांना काही पडलेली नाही.

मागच्या पावसाळ्यात एके दिवशी रुळांवर पाणी भरलं, गाड्या ठप्प झाल्या आणि ओपीडीत पाच-सहाच पेशंट उरले. डोंबिवलीच्या एक बाई अडकून पडल्या होत्या. वजन १०४, बीपीच्या दोन गोळ्या, फोर्टला नोकरी. त्या दिवशी सरांना घाई नव्हती. त्यांनी विचारलं, ‘दिवसभरात जेवता कधी?’ सकाळी ७.१२ ची लोकल, धड पहिलं जेवण दुपारी दोनला, घरी पोचायला पावणेनऊ, सगळ्यांचं आवरून जेवायला साडेदहा. मग त्या हळूच म्हणाल्या की रात्री उशा रचून बसूनच झोपते, मी घोरते आणि मध्येच माझा श्वास थांबतो असं मिस्टर सांगतात. सरांनी झोपेची तपासणी करायला लावली. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा थांबण्याचा आजार निघाला, तोही बराच. त्यासाठी झोपताना लावायच्या श्वासाच्या यंत्राने काही वजन उतरत नाही, पण त्यांची दुपारची पेंग गेली आणि संध्याकाळी चालायला त्राण उरलं. जेवणाची वेळही त्यांनी अलीकडे आणली. आठ महिन्यांत ७ किलो कमी झालं आणि बीपीची एक गोळी सुटली. त्या दिवशी त्या गेल्यावर सर मला म्हणाले होते, ‘सिस्टर, तीन वर्षं मी या बाईंना एकच वाक्य सांगत आलो. झोपेचं एकदाही विचारलं नाही.’

सरांना मी वाईट डॉक्टर म्हणणार नाही. एरवी त्यांच्या वाट्याला एका पेशंटमागे चार-पाच मिनिटं येतात.

इच्छाशक्तीबद्दलही बोलते, कारण घरीदारी तेच ऐकवलं जातं. खाणं तोडून वजन उतरवलं की शरीर ते परत मिळवायला धडपडतं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे हार्मोन घटतं आणि शरीर आधीपेक्षा कमी ऊर्जा जाळतं. हार्मोनचे हे बदल वर्षभरानंतरही टिकून असतात, असं २०११ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं. म्हणून वजन परत वाढलं तर तो तुमच्या स्वभावाचा दोष नाही. लठ्ठपणा हा डायबेटिससारखा लांब पल्ल्याचा आजार आहे आणि उपचारही तितकेच लांब चालतात.

आपल्याकडे बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती, त्या आकड्याची) रेषाही खाली आहे. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्यात कमी वजनालाही पोटात चरबी साठते. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. त्यामुळे काट्याबरोबर कंबरही मोजा : मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

आता वजन कमी करायची इंजेक्शनं. २०२५ मध्ये मार्चला माउंजारो आणि जूनला वेगोव्ही भारतात आलं, तेव्हापासून लोक माझ्याजवळ येऊन कुजबुजत विचारतात. औषधं खरी आहेत, गुणही येतो. पण वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. सुरू करण्याआधी डॉक्टरांना ‘किती काळ घ्यायचं आणि महिन्याचा खर्च किती’ हे विचारा. ओळखीच्याच्या सांगण्यावरून घेऊ नका.

तुम्ही काय करावं? फक्त वजनासाठी वेगळी वेळ घ्या. तापासाठी गेलात तेव्हा दारातून हा विषय काढू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन जा, कारण स्टिरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारावरच्या काही औषधांनी वजन वाढतं. घोरणं, पाळीच्या तक्रारी, रात्रीचं खाणं, सगळं सांगा. आणि लक्ष्य विचारा. लग्नातला ६५ किलोचा फोटो मनात धरून आलेले पेशंट ५ किलो उतरल्यावर निराश होतात, तर डॉक्टरांच्या दृष्टीने ती मोठी कमाई असते. ९८ पैकी ५ ते १० किलो गेले तरी शुगर आणि बीपीवर फरक दिसतो.

कुणाकडे? आधी एखाद्या एमडी मेडिसिनकडे, मग गरजेप्रमाणे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे. महापालिकेच्या केईएम आणि नायरमध्ये हे विभाग आहेत. केसपेपर काढून रांगेत उभं राहावं लागतं, पण खिशाला परवडतं. वजनासाठीच्या ऑपरेशनचा विचार असेल तर विमा कंपन्या साधारणपणे बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत गंभीर आजार असेल तरच तो खर्च धरतात. पॉलिसी आधी वाचून घ्या.

एक राहिलं. बीपी घेताना दंडाला पट्टा अपुरा पडत असेल तर मोठा कफ मागा. लहान कफने बीपी खोटं जास्त येतं आणि नसती गोळी मागे लागू शकते. आमच्याकडे तो कपाटात पडून असायचा. मी आता टेबलावरच ठेवते.