'इकडून येणं झालं' आणि न उच्चारायची टिंबं

प्रिय चिऊ,

काल पुस्तकाला पाय लागला म्हणून मी तुला नमस्कार करायला लावला, तेव्हा तू विचारलंस, "जुनी पुस्तकं वाचायचीही अशीच का? कळलं नाही तरी डोकं टेकवायचं?" ते मला लागलं. नमस्कार मला आजीने शिकवला, तुला मी. पण वाचणं आणि नमस्कार आम्ही एकत्र कालवलं, हे तुझं खरं आहे.

'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी तू तेराव्या पानावर सोडलीस. त्यात तुझ्या मराठीचा दोष नाही. हरिभाऊ आपट्यांनी ती १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः लिहिली. वाचक आठवडाभर थांबून पुढचा तुकडा वाचायचे. एका बैठकीत चाळीस पानं घेतली तर ती जड होणारच. रोज दहा पानं पुरेत.

दुसरी अडचण छपाईची. जुन्या प्रतीत 'घरांत', 'नाहीं', 'केलें' असं दिसतं आणि तू प्रत्येक टिंबाचा 'न' म्हणतेस. ही टिंबं उच्चारायची नाहीत. १९६२च्या लेखननियमांनी ती गेली. 'अंगण', 'चांगला' यातली मात्र खरी. आपण घरी जसं बोलतो तसं वाचत जा, म्हणजे 'केलें' आपोआप 'केलं' होईल. पहिली दोन पानं मोठ्याने वाचलीस तर लांब वाक्यं कुठे श्वास घेतात तेही कळेल.

आणि नाती. मामंजी म्हणजे सासरे, वन्सं म्हणजे नणंद, भावजी म्हणजे दीर. हे कागदावर लिहून खूण म्हणून पुस्तकात ठेव. 'इकडून येणं झालं' हे वाक्य तुला विचित्र वाटेल. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून 'इकडून' म्हणजे तोच. मला वाटतं, अख्खा काळ या एका शब्दात दिसतो, आणि तो तुला पटू नये हेही मला चालेल. नायिकेची, म्हणजे यमुनेची, कहाणी तिच्याच तोंडून वाचताना राग आला तर येऊ दे.

अनोळखी शब्दांसाठी मात्र दर ओळीला थांबू नकोस. पानाला तीनच शब्द पेन्सिलीने अधोरेखित कर, बाकी संदर्भाने कळतात. सारखा शब्दकोश उघडला की गोष्टीचा धागा तुटतो.

खरं तर सुरुवातच चुकली, आणि ती माझी चूक. आधी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) द्यायला हवी होती: लहान पुस्तक, छोटी वाक्यं, धनगरांच्या वाडीत आलेला तरुण मास्तर. मग लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ती बोलल्यासारखी लिहिली आहेत, त्यामुळे वाचताना कानाला सोपी. आपटे त्यानंतर. 'श्यामची आई' मी मुद्दामच मागे ठेवते. त्या बेचाळीस रात्रींतली माया मला अजून हवीशी वाटते, पण तुझ्या वयात तीत आधी उपदेशच ऐकू येईल, अशी भीती आहे.

प्रस्तावना शेवटी वाच. त्यात बहुतेक वेळा गोष्टच सांगून टाकलेली असते. पन्नास पानांनंतरही मन लागलं नाही तर ठेवून दे, मी विचारणार नाही. (विचारीन कदाचित, एकदाच.)

'बनगरवाडी' तुझ्या टेबलावर ठेवत नाही. कपाटात, दुसऱ्या खणात, अण्णाआजोबांच्या पुस्तकांशेजारी आहे.

तुझी
आई