अंतर्गळ, अंडवृद्धी आणि वर सरकलेली जांघ

दादरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांच्या जांघेत फुगवटा आलाय. वडील त्याला ‘अंतर्गळ’ म्हणतात, शेजारचे काका ‘अंडवृद्धी’, खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन ‘सारणगाठ’, आणि रुग्णालयाच्या कागदावर आहे ‘वंक्षण हर्निया’. हे सगळं एकच का? आणि यातला बरा मराठी शब्द कोणता?

ताई, अंतर्गळ, सारणगाठ आणि हर्निया एकच. काकांची अंडवृद्धी मात्र वेगळी.

अंतर्गळ या शब्दात मला ‘अंत्र’, म्हणजे आतडं, ऐकू येतं. पुढचं गळणं हे नळाचं नव्हे, फळाचं: जागा सोडून खाली येणं. पोटाच्या भिंतीत जिथे कच्ची जागा असते तिथून आतडं, कधी नुसती चरबी, बाहेर डोकावते. खोकलं की गाठ फुगते, आडवं झालं की बहुधा आत जाते. ‘आतडं उतरलंय’ असं जुनी माणसं म्हणतात तेही हेच. घोटाळा एवढाच, की पूर्वी वृषणाच्या कुठल्याही सुजेला लोक सर्रास अंतर्गळ म्हणत, त्यात पाणी साचलेलं असलं तरी. काकांनी हीच गल्लत उलटी केलीय. वृषणात नुसतं पाणी साचणं म्हणजे अंडवृद्धी, डॉक्टरांच्या भाषेत हायड्रोसिल. त्याचा उपाय निराळा.

हा फरक सुश्रुताने फार नेमका टिपलाय. त्याच्या संहितेतल्या निदानस्थानात, म्हणजे रोग ओळखण्याच्या भागात, ‘वृद्धी’चे सात प्रकार आहेत. त्यातली मूत्रवृद्धी पाण्याने भरलेल्या पखालीसारखी हिंदकळते, हे आपलं हायड्रोसिल. आंत्रवृद्धी दाबली की आवाज करत वर जाते आणि सोडली की पुन्हा फुगते. ‘सशब्दम्’ हा त्याचा शब्द. पोटातली गुडगुड बोटाखाली जाणवल्याशिवाय असं लिहिता येत नाही! कारणंही ओळखीची: जड ओझं उचलणं, आपल्याहून बलवानाशी झुंजणं, झाडावरून पडणं. मस्जिद बंदरच्या माथाडींना यातलं पहिलं समजावून सांगायला नको. वृषणापर्यंत उतरलेल्या आंत्रवृद्धीला मात्र त्याने असाध्य म्हणून हात टेकले.

‘हर्निया’ लॅटिन. त्याच्याही मुळाशी आतडंच आहे, आणि वेदातला ‘हिरा’, म्हणजे शीर, हा त्याचा दूरचा भाऊबंद. तेव्हा हर्नियाला अगदीच परका म्हणून हाकलायचं कारण नाही.

सुश्रुताने सोडून दिलेल्या दुखण्याचं आता ऑपरेशन करून माणसाला बहुतेकदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. १८८७ साली बास्सिनी या इटालियन शल्यविशारदाने भिंत थरांनी शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पण शिवण ताणली जाई. १९८०च्या दशकात अमेरिकेत लिक्टेनस्टाइन यांनी ताण न देता वर कृत्रिम जाळी लावायची रीत रुळवली. आपल्याकडे तिला कुणी भारदस्त प्रतिशब्द शोधत बसलं नाही. परळपासून बोरिवलीपर्यंत सगळे ‘जाळी बसवली’ म्हणतात. उत्तम मराठी! पट्टा बांधून गाठ दाबून ठेवता येते, भोक बुजत नाही. पुरुषाला फारसा त्रास नसेल तर डॉक्टर थांबून लक्ष ठेवायलाही सांगतात.

एक क्रियापद मात्र घरात सगळ्यांना माहीत असू द्या: ‘अडकणं’. गाठ आत जाईना, कडक होऊन दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलंय, त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. सकाळची वाट बघायची नाही. मांडीच्या सुरुवातीला, जांघेच्या घडीच्या खाली येणारा हर्निया बायकांमध्ये तुलनेने अधिक आढळतो आणि तो अडकतोही जास्त.

आता कागदावरचं ‘वंक्षण’. संस्कृतात मांडी आणि ओटीपोट मिळतात ती घडी म्हणजे वंक्षण. शब्द बिनचूक, पण वडिलांना वाचून दाखवला तर ते ‘कुठे?’ विचारतील. आपला शब्द जांघ. त्याची गंमत अशी, की संस्कृत ‘जंघा’ म्हणजे गुडघ्याखालचा पाय. मांडीला तिथे ‘ऊरु’. भीमाने दुर्योधनाचा फोडला तो ऊरु. हिंदी आणि गुजरातीत तीच जंघा गुडघा ओलांडून मांडीवर चढली, आणि मराठीत आणखी वर सरकून थेट घडीत जाऊन बसली. एक शब्द, तीन मुक्काम.

मुंबईत हे निव्वळ पुस्तकी राहत नाही. माझ्या स्वतःच्या हर्नियाच्या वेळी एका रुग्णालयात उत्तरेकडच्या तरुण डॉक्टरांना मी सांगितलं, ‘जांघ में दर्द है.’ त्यांनी मनापासून माझी मांडी तपासली, चालताना ताण येतो का विचारलं, आणि मलम लिहायला घेतलं. मी भाषाशास्त्र सुरू करणार होतो. पण मागे रांग होती, म्हणून मुकाट्याने बोट ठेवून म्हटलं, ‘इधर. खाँसने से फूलता है.’

तेव्हा कागदावर ‘जांघेतला हर्निया’ असतं तर मला आवडलं असतं. घरात अंतर्गळ खुशाल म्हणा. डॉक्टरांपुढे मात्र हर्निया म्हणा, आणि जांघ बोटानेच दाखवा.