भट्टीच्या हीटरचे टर्मिनल सारखे का जळतात आणि थर्मोकपलचं रीडिंग का घसरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरी एमआयडीसीत ९०० अंश सेल्सिअसवर चालणारी हीट ट्रीटमेंटची भट्टी आहे, फेजला ४० अँपिअर. हीटरचे टर्मिनल काही महिन्यांत काळे पडून जळतात, केबल जाड करूनही फरक पडला नाही. शिवाय कंट्रोलर ९०० दाखवतो, पण जॉबवरचा (आतल्या मालावरचा) स्केल, म्हणजे ऑक्साइडची खपली, पाहता आत त्याहून जास्त तापत असावं.

केबल जाड करून फरक पडणारच नव्हता, कारण तापतोय तो सांधा. सांध्याचा रोध १ मिलिओहम असेल तर ४० अँपिअरला तिथे १.६ वॅट उष्णता होते. ऑक्साइड चढून तोच रोध १० मिलिओहम झाला की १६ वॅट. तापला की ऑक्साइड आणखी वाढतो, आणि इथून पुढे प्रकरण झपाट्याने जातं. रोध मोजायला टर्मिनल रॉड आणि केबलचा लग (केबलच्या टोकाला बसवलेलं, बोल्टने आवळायचं धातूचं टोक) यांच्यामधला एसी मिलिव्होल्ट ड्रॉप घ्या, एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) पूर्ण चालू असताना. ४० अँपिअरला ४० मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिओहम. सर्किट लाइव्ह असतं, त्यामुळे हे काम इलेक्ट्रिशियननेच, त्या व्होल्टेजला चालणाऱ्या मीटरने आणि इन्सुलेटेड प्रोबने करावं. सगळ्या टर्मिनलचे आकडे वहीत ठेवा. बाकीच्यांपेक्षा दुप्पट दाखवणारा सांधा पुढच्या शटडाउनला खोला.

आता सांधा सैल का होतो ते. बहुतेक ठिकाणी तांब्याचा लग एमएसच्या (साध्या पोलादाच्या) बोल्टने आवळलेला असतो. तांबं तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं. बोल्ट तेवढा लांबत नाही, त्यामुळे मधलं मऊ तांबं चेपलं जातं आणि थंड झाल्यावर पकड कमी झालेली असते. भट्टी रोज चालू-बंद होत असेल तर हे रोज होतं. स्टेनलेस स्टील (एसएस) ३०४ चं प्रसरण तांब्याच्या खूपच जवळ आहे, म्हणून बोल्ट, नट एसएसचे घ्या आणि नटाखाली डिस्क स्प्रिंग वॉशर घाला. साधा स्प्लिट वॉशर या तापमानात ताण सोडून देतो. लग थेट रॉडच्या सपाट भागावर बसला पाहिजे. मध्ये वॉशर घालायची सवय फार दिसते, आणि मग सगळा करंट त्या वॉशरमधून जातो.

धातूंचं म्हणाल तर उघडं तांबं १५० अंशांच्या वर भराभर काळं पडतं. टिनचा मुलामा २३२ अंशांना वितळतो, पण त्याच्या बऱ्याच आधी टिन आणि तांब्याचा ठिसूळ थर तयार होऊ लागतो. चांदीचा मुलामा २०० अंशांपर्यंत ठीक, त्यापुढे ऑक्सिजन चांदीतून आरपार जाऊन खालचं तांबं खातो आणि मुलामा सुटतो. निकेलचा मुलामा असलेलं तांबं साधारण २५० अंशांपर्यंत टिकतं. त्याहून गरम जागी शुद्ध निकेलची, ग्लास-मायका इन्सुलेशनची वायर लागते. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिकल बाजारात लग मागितला तर टिनचाच हातात पडेल, म्हणून निकेलचा हवा हे स्पष्ट सांगून घ्या. जुन्या केबलवर नवा लग क्रिंप करण्याआधी तारा चकचकीत दिसेपर्यंत मागे कापा. काळ्या तारांवरचं क्रिंप फार टिकत नाही.

पण महागड्या लगच्या आधी सांध्याचं तापमान उतरवा, १५० च्या आत आणा. टर्मिनल रॉडचा छेद हीटर वायरच्या किमान तिप्पट असावा आणि रॉड शेलच्या (भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याच्या) पुरेसा बाहेर यावा. भिंतीतल्या भोकातून गरम हवेचा झोत थेट लगवर येतो, ते भोक सिरॅमिक फायबरने घट्ट भरा. टर्मिनल बॉक्समध्ये मात्र ब्लँकेट कोंबू नका. उष्णता वाचवायला म्हणून कोंबतात आणि नेमका सांधाच भाजतात. बॉक्सला खाली-वर जाळी ठेवा.

थर्मोकपलचं, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांनी तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं, दुखणं वेगळं. तो तुटला तर निदान कळतं, घसरला तर कळत नाही. 'के' टाइपमध्ये क्रोमेल (निकेल-क्रोमियम) आणि अल्युमेल (मुख्यतः निकेल) अशा दोन तारा असतात. त्यातली क्रोमेलची तार लांब, अरुंद, बंद नळीत असते तेव्हा तिला ऑक्सिजन अपुरा मिळतो. साधारण ८०० ते १०५० अंशांत फक्त क्रोमियमचं ऑक्सिडेशन होतं, तारेवर हिरवट थर येतो आणि आत निकेल उरतं. रीडिंग खाली येतं, कंट्रोलर आणखी हीट देतो आणि जॉब जास्त तापतो. तुमची लक्षणं याच्याशी जुळतात. थंड झाल्यावर दोन्ही तारांना लोहचुंबक लावून बघा. अल्युमेलला तो चिकटतोच, क्रोमेलला चिकटायला नको. दोन्हीला चिकटला तर थर्मोकपल बदला.

असा वापरलेला थर्मोकपल काढून लॅबला पाठवू नका. व्होल्टेज टोकाच्या मण्यात तयार होत नाही, तार जिथे ९०० वरून बाहेरच्या तापमानाला उतरते त्या पट्ट्यात, म्हणजे तुमच्या भिंतीच्या जाडीत, तयार होतं. लॅबच्या भट्टीत तो उतार तारेच्या दुसऱ्याच भागावर पडतो आणि रिपोर्ट चांगला येतो. त्याऐवजी शेजारी दुसरं पोर्ट ठेवा, नवा कॅलिब्रेटेड थर्मोकपल जुन्याच्या टोकाजवळ सरकवा आणि भट्टी ९०० वर स्थिर झाल्यावर तुलना करा. जुना जागचा हलवू नका, तो आत किती खोल आहे ते ५ सेंटिमीटरने बदललं तरी रीडिंग बदलू शकतं.

बदलताना 'एन' टाइप घ्या, क्रोमियम आणि सिलिकॉनच्या प्रमाणामुळे तो या तापमानात बराच स्थिर राहतो. मात्र कंट्रोलरचं सेटिंग आणि केबल दोन्ही 'एन'चीच हवी. 'के'च ठेवायचा तर तार जाड घ्या: ०.८ मिमीची मर्यादा ९८० अंश, ३.२ मिमीची १२६०. नळीही रुंद घ्या. 'के'ला कंट्रोलरशी जोडणारी स्वस्त कॉम्पेन्सेटिंग केबल तांबं-कॉन्स्टंटनची असते आणि १०० अंशांपर्यंतच बरोबर चालते. उन्हाळ्यात भट्टीलगतचं हेड (थर्मोकपलची जोडणीची डबी) त्याच्या वर सहज जातं, तिथे एक्स्टेंशन ग्रेड, म्हणजे थर्मोकपलच्याच धातूंची केबल, लावा.

पावसाळ्यात एमआय केबल (धातूच्या शीथमध्ये, म्हणजे नळीत, मॅग्नेशियम ऑक्साइड भरलेली थर्मोकपल केबल) कापली तर टोक लगेच सील करा, आतलं मॅग्नेशियम ऑक्साइड काही मिनिटांत ओल धरतं. इन्सुलेटेड जंक्शन (तारांचा सांधा शीथला न टेकलेला) असेल तर कंट्रोलरपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तारा आणि शीथ यांच्यातला रोध मोजा. थंड असताना १०० मेगाओहमच्या खाली असेल तर बसवू नका.