ओला डबा

"मी दिवसातून दोनदा आंघोळ करते हो, तरी मलाच हे का?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्या माणसाने खुर्ची पुढे ओढून आवाज खाली आणला, की मला अंदाज येतो. स्तनांखाली, जांघेत, काखेत किंवा पोटाच्या घडीत लालभडक, ओलसर, चुरचुरणारं पुरळ. समुपदेशकाकडे पुरळ घेऊन कुणी येत नाही म्हणा. चिडचिड होते, झोप लागत नाही, घरात अबोला आहे, अशा तक्रारी घेऊन येतात. पुरळ निघतं तिसऱ्या-चौथ्या भेटीत, तेही निघता निघता.

या बाईंचंही तसंच झालं. त्यांना आपण ताई म्हणू. वय पन्नाशीच्या पुढे. तक्रार अशी, की घरात कुणाशी पटत नाही. आठ महिन्यांपासून बिछाना दुसऱ्या खोलीत हलवलेला, कारण सांगायचं तर नवऱ्याचं घोरणं. चौथ्या भेटीत दाराची कडी हातात धरून म्हणाल्या, "एक विचारू? पण तुम्हाला किळस येईल."

"किळस मला येईल, की तुम्हाला येतेय?"

त्या परत येऊन बसल्या आणि रडल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. स्तनांखाली आणि पोटाच्या घडीत पुरळ. उपाय म्हणून रोज दोन-तीनदा कढत पाणी, त्यात जंतुनाशकाचं झाकण, वर घासणीने खसाखसा घासणं. एका नातेवाइकाने दिलेली मलमाची ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा दुप्पट उसळायचं.

"घासून झाल्यावर काय करता?"

"काय करणार? त्या जागेकडे बघवत नाही. भसाभसा पावडर मारते आणि घट्ट कपडे चढवून बाहेर येते."

माझा कल पहिल्यापासून एकाच बाजूला आहे. माणसाला काय झालंय यापेक्षा, त्याबद्दल तो स्वतःला काय सांगतोय, तिकडे माझे कान असतात. ताई स्वतःला सांगत होत्या, 'हे झालं म्हणजे मी घाणेरडी.' कढत पाणी, घासणी, घाई, वेगळी खोली, सगळं त्या एका वाक्यातून निघालेलं. सुरुवातीच्या वर्षांत मी अशा वेळी "छे हो, तसं काही नसतं" म्हणून धीर द्यायचे. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन आणखी जोरात घासायचे. तेव्हापासून धीर देणं मी बरंच कमी केलंय.

मी विचारलं, "घरात बुरशी कुठे कुठे धरते?"

त्यांना विचार करावाच लागला नाही. "डबा घासून ओला तसाच झाकण लावून ठेवला, की आतून कुबट वास येतो. काळं धरतं."

"घासलेला डबा?"

"हो, चांगला लख्ख घासलेला. पण ओला..."

तिथे त्या थांबल्या. मीही गप्प राहिले. अशी शांतता आपण बोलून भरायची नसते, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आठ महिने नुसता डबा घासतेय. पुसतच नाहीये."

हे वाक्य मी त्यांना तयार करून दिलं असतं, तर त्याला काही किंमत राहिली नसती. त्या दिवशी घरी जाताना मी जरा ताठ मानेने गेले, हे कबूल करते.

पुढचं काम त्वचारोगतज्ज्ञांचं. मी हट्टाने ताईंना तिकडे पाठवलं, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळ्यांनाच उपयोगी आहे. ही यीस्ट जातीची बुरशी, कँडिडा. ती बाहेरून चिकटलेली नसते. धडधाकट माणसाच्या तोंडात, आतड्यांत, त्वचेवरही ती थोडीफार असतेच. घडीत कातडीला कातडी लागून असते, घाम वाळत नाही, घर्षणाने वरचा थर सोलवटतो आणि तिला रान मोकळं मिळतं. जंतुनाशक आणि घासणी तोच थर आणखी खरवडतात. ओळखायची खूण म्हणजे मुख्य चट्ट्याच्या कडेबाहेर विखुरलेले बारीक लाल ठिपके. नायट्याची कड उंच आणि कोंडा धरलेली असते, मधला भाग निवळत जातो. सोरायसिस किंवा जिवाणूंचा संसर्गही घडीत असाच लाल दिसतो, म्हणून एकदा दाखवून घ्यावं. शंका असली तर डॉक्टर त्वचा किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

ताईंना क्लोट्रिमॅझोल हे बुरशी मारणारं मलम मिळालं. कुणाला मायकोनॅझोल किंवा निस्टॅटिन देतात. कोरड्या जागेवर पातळ थर, दिवसातून दोनदा, साधारण दोन ते चार आठवडे. खाज गेली की ट्यूब फेकतात, तिथेच घोटाळा होतो. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायचं. नातेवाइकाच्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं निघालं. त्याने लाली दबते, बुरशी आत मजेत वाढते.

रक्तातली साखरही तपासली. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी जी चाचणी असते, तिचा आकडा ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आला तर तो मधुमेह धरतात. ताईंचा जास्त आला. पुरळ पुन्हा पुन्हा येत असेल तर ही तपासणी टाळू नये. प्रतिजैविकांचा कोर्स, स्टिरॉइडच्या गोळ्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची काही औषधं, यांनीही यीस्टला वाव मिळतो. शेवटच्या औषधांचा त्रास जास्त करून गुप्तांगाजवळ होतो. आपली औषधं डॉक्टरांना सांगावीत, मनाने बंद करू नयेत.

वजनाबद्दल ताईंना सगळ्यांनी ऐकवलं होतं. घड्या खोल असतील तर त्रास वाढतो, हे खरंच. पण सडपातळ माणसांना आणि बाळांच्या मानेच्या वळ्यांतही हे होतं. पहिल्याच वाक्यात वजन काढलं की समोरच्याचे कान बंद होतात, त्यामुळे तो विषय मी मागे ठेवते.

आम्ही दोघींनी ठरवलेला गृहपाठ अगदी साधा होता: आंघोळीनंतर पाच मिनिटं, आरशासमोर. कोमट पाणी, सौम्य साबण. मग घडी हाताने उचलून मऊ पंचाने टिपायची, रगडायची नाही, आणि तशीच उचलून पंख्याचा वारा लागू द्यायचा. केस वाळवायचं यंत्र गार वाऱ्यावर ठेवूनही चालतं. मलम जिरल्यावर घडीत सुती कापडाची मऊ पट्टी ठेवायची, ती ओलसर झाली की बदलायची. कपडे सैल, सुती आणि पूर्ण वाळलेले. सुवासिक पावडर बंद. घाम, मलम आणि पावडर मिळून घडीत खळ तयार होते.

पहिल्या आठवड्यात ताईंना आरसा जमला नाही. हाताने चाचपून पुसलं म्हणाल्या. मी म्हटलं, चालेल. दुसऱ्या आठवड्यात बघितलं. "वाटलं होतं तेवढं भयंकर नाहीये," एवढंच बोलल्या, पण ते दाराशी उभं राहून नव्हे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्यांनी हेच त्याच्यासाठी करायचं, रोज एकेक घडी उघडून बघत. ताप आला, पू दिसला, लाली गरम लागून पसरू लागली किंवा दुखणं वाढलं, तर मलमावर विसंबून घरी बसू नये. दोनेक आठवड्यांत काहीच फरक नसेल तरी परत दाखवावं.

दोन महिन्यांनी ताई आल्या. पुरळाच्या जागी तपकिरी डाग उरलेत, तेही फिकट होतायत. बिछाना पुन्हा जुन्या खोलीत गेलाय. "आणि घोरणं?" मी विचारलं.

"ते खरंच आहे हो," ताई म्हणाल्या. "ते मी खोटं सांगितलं नव्हतं."