व्हिस्कीची पारख : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

व्हिस्की चाखून तिची पारख कशी करावी, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही सहा मित्र वेगवेगळ्या देशांच्या व्हिस्की शेजारी शेजारी ठेवून चाखणार आहोत. किती बाटल्या, कुठल्या, आणि क्रम काय ठेवावा? (पुणे)

उत्तर : चारच घ्या. त्यापुढे नाक आणि जीभ दोन्ही थकतात आणि वहीतल्या नोंदींना अर्थ उरत नाही. प्रत्येकाला प्रत्येक व्हिस्कीचे १५ मिली पुरतात, म्हणजे सहा जणांत एका बाटलीतले ९० मिलीच जातात. ७५० मिलीची बाटली अशा आठ बैठकांना पुरते, त्यामुळे खर्चही वाटला जातो.

पहिल्या बैठकीसाठी चारही बाटल्या एकमेकींपासून लांबच्या हव्यात. आयर्लंडची रेडब्रेस्ट १२, अमेरिकेतल्या केंटकीची मेकर्स मार्क किंवा बफेलो ट्रेस, गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स आणि शेवटी स्कॉटलंडच्या आयला बेटावरची लॅफ्रॉइग १०. याच क्रमानं घ्या. पीट म्हणजे दलदलीतलं कुजलेल्या वनस्पतींचं जळण; त्याच्या धुराची व्हिस्की आधी घेतली, तर तिचे फिनॉल, म्हणजे धुराच्या वासाचे रेणू, तोंडात इतका वेळ रेंगाळतात की पुढची प्रत्येक व्हिस्की धुरकट लागते.

ग्लास वर निमुळता होत जाणारा हवा. ग्लेनकेर्न मिळाला तर उत्तम, नाहीतर वाइनचा लहान ग्लास चालतो. पसरट, जाड बुडाच्या ग्लासातून वास उडून जातो. ग्लास गरम पाण्यानं धुऊन उघड्यावर वाळवा. बंद कपाटात पालथे ठेवलेले ग्लास लाकडाचा आणि धुळीचा वास धरतात. ओतल्यावर वर बशी झाका आणि पंधरा मिनिटं थांबा. खोली २० ते २२ अंशांची असावी. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली बसून चाखलं तर मद्यार्काची वाफच नाकात जाईल. त्यावर उपाय म्हणून बाटली फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, कारण थंडीत सुगंध दबतात.

त्या खोलीत उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा, स्वयंपाकघरातून येणारी फोडणी यांतलं काही नको. चखणा सगळं संपल्यावर. तिखट आणि मद्यार्क जिभेवरच्या एकाच संवेदकाला चेतवतात, म्हणून मसाला शेंगदाण्यांनंतर चांगली व्हिस्कीही नुसती जाळते. मधे साधा पाव किंवा बिनमिठाचे कुरमुरे आणि पाणी घ्या. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते उकळून गार करा.

चार नमुने पूर्ण गिळले, तर ते ३० मिलीचे दोन पेग होतात. थुंकण्यासाठी भांडं ठेवा, परीक्षक थुंकतातच. गाडी चालवायची असेल त्यानं थुंकूनही चाखू नये. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ आहे आणि परवाना लागतो, तो दुकानातच मिळतो.

प्रश्न : ग्लासाला नाक लावलं की फक्त झिणझिण्या येतात. तुम्ही लिहिता ते फळांचे, व्हॅनिलाचे वास आम्हाला का येत नाहीत? (नाशिक)

उत्तर : वाइनसारखं गरगर फिरवून नाक आत खुपसलं की हेच होतं. वाइनमध्ये मद्यार्क १२-१३ टक्के असतो, इथे ४० च्या पुढे. ग्लास स्थिर धरा, कडेच्या थोडं वर नाक ठेवा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. मग अर्धा मिनिट थांबून पुन्हा. पहिल्या श्वासाला जे आलं त्यावर विश्वास ठेवू नका. नाक मद्यार्काला सरावतं आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याच्या मागचं उलगडू लागतं.

मग पाणी, आणि ते मोजून. औषधाच्या दुकानातली ५ मिलीची सिरिंज सुईशिवाय वापरा. हिशेब सोपा आहे : ग्लासातले मिली गुणिले बाटलीवरची टक्केवारी, भागिले हवी ती टक्केवारी. उत्तर म्हणजे एकूण मिली. त्यातून व्हिस्की वजा केली की उरतं ते पाणी. ४६ टक्क्यांची १५ मिली व्हिस्की ४० वर आणायला सव्वादोन मिली लागतं. ६० टक्क्यांच्या कास्क स्ट्रेंग्थला, म्हणजे पाणी न घालता पिंपातून थेट भरलेल्या व्हिस्कीला, तितक्याच मापाला साडेसात मिली. ‘दोन थेंब पाणी’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण ६० टक्क्यांच्या ग्लासात दोन थेंबांनी जवळजवळ काहीच बदलत नाही.

पाण्यानं वास का खुलतो, याचा एक चांगला अभ्यास स्वीडनमधल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. धुराच्या वासाशी निगडित ग्वायाकॉल हा रेणू त्यांनी संगणकावर तपासला. मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असताना तो द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो, ५९ च्या वर गेला की मद्यार्काच्या रेणूंनी वेढला जाऊन आत ओढला जातो.

दोन व्हिस्कींची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच टक्केवारीवर आणा. घरगुती परीक्षणांत सर्वांत जास्त फसगत इथेच होते. ४० ची आणि ४६ ची शेजारी ठेवली की ४६ ची ‘भरदार’ वाटते. ४० वर आणल्यावर कित्येकदा निकाल उलटतो. आधी मूळ तीव्रतेवर एक लहान घोट घ्या, मग समान करून दुसरा, आणि दोन्हींच्या नोंदी वेगळ्या ठेवा.

प्रश्न : परदेशी वर्णनांत हेदर, मार्झिपान, टॉफी असे शब्द असतात. हे पदार्थ आम्ही कधी खाल्लेलेच नाहीत. मग नोंद कशी करायची? (सातारा)

उत्तर : आपल्या घरातल्या डब्यांवरून करा, ती जास्त अचूक होते. वास रेणूंचा असतो आणि त्यांतले बरेच रेणू आपल्या स्वयंपाकघरातही आहेत. अमेरिकन ओकमधून येणारं व्हिस्की-लॅक्टोन म्हणजे सुकं खोबरं. ओकमधलंच युजेनॉल म्हणजे लवंग. लवंगेच्या तेलात मुख्य तेच असतं. आंबवताना तयार होणारं आयसोअमाइल अॅसिटेट म्हणजे खूप पिकलेलं केळं. जाळलेल्या पिंपातल्या लाकडाच्या साखरेपासून काकवी आणि चिक्कीच्या पाकाचे वास येतात. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीत खजूर, काळी मनुका, सुकं अंजीर आणि अक्रोडाची साल शोधा. पीटमधल्या क्रेसॉलमुळे येणारा वास डांबराचा आणि दवाखान्याचा. लॅफ्रॉइगमध्ये तो स्पष्ट असतो.

सराव असा करा : लवंग, जायफळ, सुंठ, खोबरं, काकवी, मनुका, भाजलेली नाचणी, संत्र्याची साल हे झाकणाच्या बाटल्यांत वेगवेगळं भरा. डोळे मिटून, दुसरा कुणी हातात देईल ती बाटली हुंगून नाव सांगा. सुरुवातीला ओळखीचं जायफळसुद्धा नाव न आठवता नाकाशी अडकतं. महिनाभर हे केलं की ग्लासातली नोंद भराभर होऊ लागते. आणि ‘छान’, ‘स्मूथ’ हे दोन शब्द वहीतून काढून टाका, त्यांतून काहीही कळत नाही.

प्रश्न : लेबल न बघता बोर्बन, स्कॉच आणि आयरिश ओळखता येतात का? (कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक वेळा, कारण फरक कायद्यात आणि कृतीत आहेत. बोर्बन ही अमेरिकन व्हिस्की. तिच्या धान्यात निदान ५१ टक्के मका असतो आणि ती नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. नवं लाकूड भरपूर देतं : व्हॅनिला, खोबरं, काकवी, आणि शेवटी लाकडाचा तुरटपणा. तीच वापरलेली पिंपं पुढे स्कॉटलंड, आयर्लंड आणि भारतात जातात. म्हणून स्कॉच माल्टमध्ये, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या व्हिस्कीत, लाकूड मागे राहून जव आणि त्या डिस्टिलरीचं वळण पुढे येतं. स्कॉच किमान तीन वर्षं ओकमध्ये हवी. सिंगल माल्ट म्हणजे फक्त मोड आणलेल्या जवाची, पॉट स्टिल या ऊर्ध्वपातनाच्या तांब्याच्या भांड्यातली, एकाच डिस्टिलरीची. आयरिश ‘सिंगल पॉट स्टिल’मध्ये मोड आणलेल्या आणि न आणलेल्या जवाचं मिश्रण असतं. मोड न आणलेल्या जवामुळे तिला तेलकट जाडी आणि मिरी-सुंठेची झणझण येते. रेडब्रेस्टचा घोट जिभेवर दहा सेकंद धरून ठेवलात की हे कळेल.

पण देश पाहून निर्णय देऊ नका. आयरिश व्हिस्की तीनदा ऊर्ध्वपातन केलेली आणि बिनधुराची, असं सरसकट लिहिलं जातं; कॉनेमारा ही आयरिश आहे, धुराची आहे आणि दोनदाच ऊर्ध्वपातन केलेली आहे. उलट स्कॉटलंडची ऑचेनटॉशन तीनदा केलेली आहे. जपानी बाटल्यांचं लेबल मात्र नीट वाचा. तिथल्या उत्पादक संघटनेनं २०२१ मध्ये नियम केले : ऊर्ध्वपातन जपानात, मुरवणी जपानात किमान तीन वर्षं, बाटलीबंदही तिथेच. हे नियम संघटनेचे आहेत, कायद्याचे नाहीत.

प्रश्न : भारतीय सिंगल माल्टवर सहसा वय नसतं. मग ती १२ वर्षांच्या स्कॉचपेक्षा हलकी समजायची का? (ठाणे)

उत्तर : नाही. पिंपातून दरवर्षी काही भाग उडून जातो. स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण साधारण दोन टक्के, बंगळुरूसारख्या ठिकाणी दहाच्या आसपास. हिशेब करा : दोन टक्क्यांनी बारा वर्षांनंतर पिंपात ७८ टक्के उरतं, दहा टक्क्यांनी २८. इतकं गमावून बारा वर्षं थांबणं सहसा परवडत नाही, आणि तोवर लाकूडच सगळ्यावर बसलेलं असेल. उष्णतेत व्हिस्की लाकडातून रंग, गोडवा आणि तुरट टॅनिन लवकर ओढते. हवेच्या संपर्कानं संथपणे होणारे बदल मात्र त्याच वेगानं होत नाहीत. म्हणून भारतीय माल्टमध्ये दोन गोष्टी तपासा : घोटाच्या शेवटी काथासारखा कोरडा तुरटपणा राहतो का, आणि लाकडाच्या मागे जवाची चव अजून जिवंत आहे का. अमृत फ्यूजनमध्ये भारतीय जव आणि स्कॉटलंडचा पीटचा जव एकत्र आहे. तिच्यात ही दुसरी कसोटी स्पष्ट पाहता येते.

‘व्हिस्की’ नावानं विकल्या जाणाऱ्या स्वस्त भारतीय ब्लेंडची गोष्ट निराळी. त्यांत बहुधा मळीपासून बनवलेला स्पिरिट असतो, आणि युरोपीय संघाच्या नियमांत तो माल व्हिस्की ठरत नाही. ओळखायचं असेल तर रिकामा ग्लास न धुता रात्रभर झाकून ठेवा. सकाळी माल्टच्या ग्लासात धान्य, लाकूड, मध असं काहीतरी उरलेलं असतं. मळीच्या स्पिरिटच्या ग्लासात फारसं काही नसतं.

प्रश्न : बर्फ टाकल्यावर व्हिस्की गढूळ झाली. भेसळ असेल का? (रत्नागिरी)

उत्तर : बहुधा नाही. थंडीत किंवा पाण्यानं टक्केवारी खाली आली की मेदाम्लांचे काही एस्टर, म्हणजे चव-वास देणारी संयुगं, विरघळलेले राहत नाहीत आणि द्रव गढूळ दिसतो. बऱ्याच कंपन्या ते थंड करून आधीच गाळून काढतात. ४६ टक्के आणि पुढच्या बाटल्या अनेकदा न गाळताच भरतात, कारण त्या तीव्रतेला गढूळपणा येत नाही. चवीला ते एस्टर असलेलेच बरे. बाटलीचं सील आधीच फुटलेलं असेल तर मात्र ती परत करा.

प्रश्न : इथल्या लेबलवर रंग घातल्याचं छापलेलं असतं, तीच बाटली भारतातून घेतली तर नसतं. गडद व्हिस्की जुनी, हा नियम चुकीचा का? (फ्रँकफर्ट)

उत्तर : चुकीचाच. स्कॉचमध्ये साधा कॅरमेल रंग, ई-१५०ए, घालायला परवानगी आहे. जर्मनीत तो छापावा लागतो. बोर्बनमध्ये रंग घालता येत नाही, पण चार वर्षांची बोर्बन नव्या पिंपामुळे बारा वर्षांच्या स्कॉचहून गडद असू शकते. परीक्षणाच्या वेळी ग्लासाभोवती कागद गुंडाळा.

प्रश्न : महाग बाटली खरंच वेगळी लागते, की किंमत माहीत असते म्हणून? आणि गुण कसे द्यावेत? (डोंबिवली)

उत्तर : तीन ग्लास भरा : दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. तीव्रता समान, ग्लासांखाली खुणा, ओतणारा खोलीबाहेर. चाखणाऱ्यानं वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानंही तीनांतून एकदा बरोबर येतं, म्हणून सहा वेळा करा, पण एका संध्याकाळी नव्हे. सहांपैकी चार किंवा जास्त अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता दहा टक्के आहे. पाच किंवा जास्त येण्याची दोन टक्क्यांहून कमी. पाच आले तरच फरक खरा समजा. फरक असणं आणि ती जास्त चांगली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुण शंभरपैकी द्या : वास, चव, शेवट आणि तोल यांना प्रत्येकी पंचवीस. शेवट घड्याळावर मोजा, गिळल्यापासून चव किती सेकंद टिकली ते लिहा. मात्र लांब शेवट कडवट असेल तर गुण कमीच. बोर्बनला धूर नाही म्हणून, किंवा लॅफ्रॉइगला दवाखान्याचा वास आहे म्हणून गुण कापू नयेत; आपल्या प्रकारात ती कशी उतरली तेच पाहावं. दोष मात्र सगळीकडे दोषच : ओल्या पुठ्ठ्याचा वास बुचातून येतो, नेलपॉलिशचा ऊर्ध्वपातनाचा सुरुवातीचा भाग नीट न कापल्यानं. काडी विझवल्याचा किंवा रबराचा वास गंधकाचा. तो शेरीच्या पिंपांत गंधक जाळल्यानं किंवा तांब्याशी संपर्क कमी पडल्यानं राहतो.

प्रश्न : उघडलेली बाटली किती टिकते? (नागपूर)

उत्तर : अर्ध्याहून जास्त भरलेली असेल तर वर्षभर सहज. एक तृतीयांशाच्या खाली आली की आतली हवा वास मारू लागते. उरलेली व्हिस्की स्वच्छ, कोरड्या १०० किंवा २०० मिलीच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. बाटली उभी ठेवा, आडवी नव्हे, कारण ४० टक्क्यांचा मद्यार्क बूच कुरतडतो. ऊन लागू देऊ नका. नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीखालच्या खोलीतलं कपाट टाळा आणि घरातली सर्वांत खालची, अंधारी जागा निवडा.