वाचकांचे प्रश्न : आवाजाचं इंजेक्शन

प्रश्न : स्पास्मोडिक डिस्फोनियासाठी (बोलताना स्वरयंत्राचे स्नायू आपोआप आखडण्याचा विकार) स्वरयंत्रात बोटॉक्सचं पहिलं इंजेक्शन घेतलं. आधी आवाज दाबला जायचा, मध्येच तुटायचा. ते थांबलं, पण आता नुसती हवाच येते आणि पाणी पिताना ठसका लागतो. डोस चुकला का?

उत्तर : एवढ्यात तसं म्हणू नका. दाबला जाणारा, तुटणारा आवाज म्हणजे बहुधा अ‍ॅडक्टर प्रकार. यात बोलताना स्वरतंतू गरजेपेक्षा घट्ट मिटतात. औषध मिटवणाऱ्या स्नायूत जातं आणि एक ते तीन दिवसांत तो सैल पडू लागतो. मग स्वरतंतूंमध्ये फट राहते. तिच्यातून हवा निसटते, पातळ पदार्थही भलत्या वाटेला जातात. हे साधारण एक-दोन आठवडे चालतं. नंतरचा बरा आवाज बहुतेकांना तीन-चार महिने पुरतो.

तोवर पाणी हनुवटी थोडी खाली झुकवून, लहान घोटांनी प्या. मान मागे टाकून पेला रिकामा करू नका. घट्टसर द्रव हळू सरकतो, म्हणून सोपा जातो. आवाज मोठा करायला जोर लावू नका, गळ्यात अडकवायचा छोटा माइक वापरा. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज आला, दम लागला किंवा लाळही गिळता येईनाशी झाली, तर मात्र थेट रुग्णालय गाठा.

आता डोस. सुरुवात बहुधा प्रत्येक बाजूला १ ते २.५ युनिटच्या आसपास होते, पण एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या युनिटाइतकं नसतं, त्यामुळे इतरांच्या आकड्यांशी तुलना व्यर्थ. त्यापेक्षा तारखा लिहा : आवाज कधी गेला, ठसका कधी थांबला, फोनवर बोलणं कधी जमलं, तुटणं परत कधी सुरू झालं. हवेचा काळ फार रेंगाळला, तर पुढच्या खेपेला डोस कमी करता येतो किंवा एकाच बाजूला देता येतो. पहिल्या दोन-तीन खेपा अशा जुळवाजुळवीतच जातात.

प्रश्न : सुई मानेतून घालतात म्हणे. पूर्ण भूल मिळेल का?

उत्तर : सहसा देत नाहीत, कारण तुमचा आवाज हीच खूण असते. खांद्याखाली उशी घेऊन मान ताणून झोपवतात. कंठमण्याच्या खालच्या पातळ पडद्यातून बारीक सुई जाते, ती ईएमजी यंत्राला (स्नायूतले विद्युत संकेत आवाजात ऐकवणारं यंत्र) जोडलेली असते. डॉक्टर ‘ई’ म्हणायला सांगतात. यंत्राचा खरखराट वाढला की सुई स्नायूत आहे, आणि तेव्हाच औषध सोडतात. सुई आत असताना सांगितल्याशिवाय बोलू नका, गिळू नका. खोकला येईलसं वाटलं तर हात वर करायचा, ही खूण आधीच ठरवून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर थकवणारा आजार) किंवा गर्भारपण असेल, तर तारीख घेतानाच सांगा.

प्रश्न : हसताना आवाज ठीक असतो, म्हणून घरचे ‘मनाचं आहे’ म्हणतात.

उत्तर : मनाचं नाही. हा मेंदूतून येणारा हालचालीचा दोष आहे, आणि तो बहुतांशी बोलण्यापुरताच उमटतो. म्हणून हसणं, जांभई, कधी गाणंही त्याच्या तावडीतून सुटतं. ताणात किंवा फोनवर तो बळावतो, पण ताण हे त्याचं मूळ नव्हे.