ॲप इंजिनवर डिप्लॉय करताना 'फाइल्स १०,०००पेक्षा जास्त' अशी एरर येते, काय करू?

तुमच्या नोड ॲपमध्ये स्वतःच्या शंभरेकच फाइल्स आहेत, तरी ही एरर का, असं विचारलंय. एरर बरोबर आहे. गुगल ॲप इंजिन स्टँडर्डवर (गुगलच्या सर्व्हरवर ॲप चालवायची सेवा) एका व्हर्जनला १०,००० फाइल्सची मर्यादा असते आणि तुमच्यासोबत अख्खं नोड_मॉड्यूल्स (इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसचं फोल्डर) निघालंय.

अंदाज बांधत बसू नका, आधी मोजा. ॲप.यामल (ॲप इंजिनची सेटिंग्ज फाइल) असलेल्या फोल्डरमध्ये 'जीक्लाउड मेटा लिस्ट-फाइल्स-फॉर-अपलोड' ही कमांड चालवा. अपलोड काहीच होत नाही, फक्त कोणत्या फाइल्स जाणार त्याची यादी येते. लिनक्स किंवा मॅकवर ती ओळी मोजणाऱ्या 'डब्ल्यूसी -एल' कमांडकडे पाइप केली की थेट आकडा मिळतो.

आता त्याच फोल्डरमध्ये .जीक्लाउडइग्नोर नावाची फाइल (अपलोडमधून काय वगळायचं त्याची यादी) करा आणि एकेका ओळीवर .गिट, नोड_मॉड्यूल्स/, कव्हरेज/ लिहा. पायथन असेल तर व्हीएन्व्ह/ पण. नोड_मॉड्यूल्स गाळल्याने काही अडत नाही, पॅकेज.जेसन (पॅकेजेसची यादी) बघून क्लाउड बिल्ड ही गुगलची सेवा तिकडेच सगळं इन्स्टॉल करतं. मात्र सर्व्हर चालताना लागणारं पॅकेज चुकून डेव्ह-डिपेंडन्सीजमध्ये (फक्त डेव्हलपमेंटपुरती पॅकेजेस, ती सर्व्हरवर नसतात) राहिलं असेल, तर ॲप सुरू होतानाच 'मॉड्यूल सापडत नाही' म्हणून आपटेल. जुन्या ॲप.यामलमध्ये स्किप_फाइल्स (फाइल्स वगळायची सेटिंग) असेल तर ते काढा, ते आणि .जीक्लाउडइग्नोर एकत्र चालत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक वेगळीच आहे. .जीक्लाउडइग्नोरमध्ये '#!इन्क्लूड:.गिटइग्नोर' ही ओळ असली की गिटने वगळलेलं इथेही वगळलं जातं. बिल्ड करून तयार झालेलं डिस्ट/ फोल्डर बहुतेकांच्या गिटइग्नोरमध्ये असतंच! डिप्लॉय बिनतक्रार पार पडतं आणि साइटवर ४०४ (पान सापडत नाही). मी तरी ती ओळ काढून टाकायला सांगेन. चार ओळी हाताने लिहिलेल्या परवडल्या. मग यादी पुन्हा काढून त्यात डिस्ट/इंडेक्स.एचटीएमएल दिसतंय का ते बघा.

एवढं करूनही आकडा खाली येत नसेल तर तुमचे फोटो, पीडीएफ वगैरे प्रोजेक्टमध्ये पडलेत. ते क्लाउड स्टोरेजच्या (गुगलची फाइल्स साठवायची सेवा) बकेटमध्ये हलवा. ३२ एमबीपेक्षा मोठी एकेकटी फाइलही ॲपसोबत जात नाही, तिलाही तीच वाट. युजरने अपलोड केलेलं काही ॲपच्या फोल्डरमध्ये साठवायचा विचार असेल तर तो सोडा: तिथे लिहिता येत नाही, लिहिता येतं ते तात्पुरत्या /टीएमपी फोल्डरमध्ये, आणि ते इन्स्टन्सची (ॲपच्या चालू प्रतीची) रॅम खातं.